उंची वाढवता येते का?

"अहो, आमची सुमी काही उंच होत नाही. ती उंचीची पावडर सुरू करू का?" परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं. सुमी १७ वर्षांची. पाळी सुरू होऊन ४ वर्षं झालेली.

मैत्रिणींनो, उंचीचा मोठा वाटा आईवडिलांकडून येतो. उरलेला बराचसा आपल्या स्वयंपाकघरातून. हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चा असते, तिथे हाड लांबीला वाढते. पाळी सुरू झाल्यावर मुलगी साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. दोन-तीन वर्षांत कूर्चेचे हाड बनले, की वाढ थांबली. मग पावडर घ्या नाहीतर दांडीला लोंबकळा. पैसे जातात नि खांदे दुखतात, एवढंच!

म्हणून काळजी घ्यायची ती आधी. पहिल्या वर्षात बाळ सुमारे ५० सेंटिमीटरचे ७५ होते. गरोदरपण आणि पहिली दोन वर्षे फार मोलाची. पुढेही वरण, उसळ, दूध, अंडे, भाजी पोटात जायला हवी. जुलाब, जंत अंगावर काढू नयेत. आणि हो, भावाला पेलाभर दूध नि बहिणीला अर्धा पेला, असं आपल्या घरात होत नाही ना?

दर वाढदिवसाला भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण करा. चार वर्षांनंतर, वयात येण्याआधी, वर्षाला ५ सेंटिमीटरहून कमी वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडसारख्या कारणांवर उपाय आहेत, पण वेळेवर.

सुमीची धाकटी बहीण ९ वर्षांची आहे. वहिनींना म्हटलं, "पावडरीचे पैसे हिच्या दुधाला लावा!"