गाडीतळावरचा पुकारा : एकाच केबलमधून आवाज आणि वीज



ऊस तोडला की घड्याळ सुरू होते. उन्हात उभ्या गाडीतला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. आपला कारंजा लाडचा भाग कापूस, तूर, सोयाबीनचा. इथे ऊस लावणारे कास्तकार थोडे आणि गाडीला पल्ला लांबचा. म्हणून नंबर चुकला तर आपल्याला तो जास्तच महागात पडतो.

काही वर्षांमागे एका कारखान्याच्या तळावर माझेच असे झाले. कर्णा ओरडत होता, पण घरघरीत नंबर काही समजेना. शेजारच्या गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "भाऊ, मलाही नाही समजलं." नंबर गेला, आणि गाडी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तशीच उभी. तेव्हापासून या आवाजाच्या मागे लागलो. जे समजले ते इथे मांडतो.

जुनी पद्धत आपणांस ठाऊकच आहे. खोलीत एक ॲम्प्लिफायर, तिथून एकच तार या कर्ण्यावरून त्या कर्ण्यावर. मध्ये तार तुटली की पुढचे सगळे मुके. नवी पद्धत संगणकाच्या जाळ्याची, म्हणजे ईथरनेटची आहे. हे ईथरनेट १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्मले. यात आवाजाचे आकडे होतात, आकड्यांची लहान लहान पाकिटे होतात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. स्पीकर आपल्या पत्त्याचे पाकीट उघडतो आणि त्याचा पुन्हा आवाज करतो. प्रत्येक स्पीकरची केबल स्विच नावाच्या पेटीतून वेगळी निघते. एक तुटली तर एकच मुका होतो, आणि कोणता ते संगणकावर दिसते.

मांडणी करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. आधी टेप घेऊन तळ मोजावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल लागते. तिच्यातून वीज जात नाही, म्हणून पलीकडच्या टोकाला दुसरा स्विच आणि त्याला वेगळी वीज द्यावी लागते. फायदा असा की पलीकडे पडलेल्या विजेचा झटका काचेतून ऑफिसात येत नाही.

२. केबल पूर्ण तांब्याचीच घ्यावी. स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. चाकूने खरवडून बघा. आत पांढरे दिसले तर परत करा.

३. स्पीकरला त्याच केबलमधून वीज मिळते. २००३ सालच्या प्रमाणाप्रमाणे स्विच एका केबलमध्ये १५.४ वॅटपर्यंत वीज सोडतो. वाटेतली घट जाऊन स्पीकरला सुमारे १३ वॅट पोहोचते. स्विचची एकूण ताकदही पाहावी. दहा वॅट लागणारे आठ स्पीकर म्हणजे ऐंशी वॅट. साठ वॅटचा स्विच त्यांना पुरणार नाही. स्विचला बॅटरी हवीच, नाहीतर लाईन गेली की पुकारा बंद.

४. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नुसती पुरलेली केबल त्यात ताणली जाते. ती पाइपातून न्यावी, वळणावर थोडी सैल ठेवावी. खांबांना अर्थिंग द्यावे.

५. प्रत्येक स्पीकरला कायमचा पत्ता द्यावा आणि तो वहीत लिहावा. दोघांचा पत्ता एक झाला तर दोघेही बिघडतात. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

६. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजनकाट्याचा संगणक आणि हे स्पीकर एका जाळ्यात ठेवू नयेत. पुकाऱ्याच्या पाकिटांची गर्दी काट्याकडे जायला नको, आणि स्पीकरच्या वाटेने कोणी काट्यापर्यंत पोहोचायलाही नको. काटा म्हणजे आपला घामाचा हिशोब.

आता घरघरीकडे वळू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटरवरच्या कर्ण्याचा शब्द आपल्याला अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि जवळच्या कर्ण्याच्या पुढच्या शब्दावर जाऊन आदळतो. "बावन्न" की "बावीस", कळणार कसे? म्हणून दोन मोठ्या कर्ण्यांपेक्षा बैठ्या आवाजाचे लहान स्पीकर जवळजवळ लावावेत. ज्याला त्याला आपल्या जवळचाच ऐकू येईल. सर्वांचे घड्याळही एक असावे, नाहीतर एक आधी बोलेल, एक मागून.

कायद्याचेही भान हवे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. गाळप तर रात्रभर चालते. यावर उपाय असा की, रात्री तळाचे स्पीकर बंद ठेवून फक्त गाडीवानांच्या बंद निवाऱ्यातला एक लहान स्पीकर चालू ठेवावा, आणि बाहेर नंबराची दिव्याची पाटी लावावी. जुन्या एकाच तारेवर असे निवडून बंद करणे कठीण होते. इथे ते पत्त्यावरून होते.

तेव्हा सभासदहो, पुढल्या सभेत नवीन कर्ण्यांचा खर्च मांडला गेला की किंमत विचाराच, पण तीन प्रश्न आणखी विचारा : केबल तांब्याची आहे काय? काटा वेगळ्या जाळ्यावर आहे काय? लाईन गेल्यावर पुकारा किती तास चालेल? उत्तर सरळ मिळाले तर हात वर करा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद