समुद्रात तेल सांडते तेव्हा

ताटभर पाण्यात रॉकेलचा एक थेंब टाकून पाहा. बघता बघता तो पसरतो आणि पाण्यावर मोरपिशी रंग खेळू लागतात. समुद्रात जहाज फुटून तेल सांडते तेव्हा हेच होते. ताट तेवढे अफाट असते. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, “किती टन सांडले?” प्रश्न रास्त आहे. पण नुकसान केवढे होणार, हे नुसत्या टनांवरून कळत नाही.

१९८९ च्या मार्चमध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे जहाज खडकावर चढले. सुमारे ३७ हजार टन तेल वाहून गेले. १९९३ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवर ‘ब्रेअर’ हे जहाज फुटले. तिथे सांडले सुमारे ८५ हजार टन, म्हणजे दुपटीहूनही जास्त. आता गंमत पाहा. अलास्कात अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले आणि पुढे कित्येक वर्षे किनाऱ्यावरची वाळू-खडी उकरली की खाली तेल सापडे. शेटलंडच्या मासेमारीला फटका बसला खरा, पण किनारा पुष्कळच वाचला. कारण तिथले तेल हलके होते, आणि वादळ असे होते की रवीने ताक घुसळावे तसे लाटांनी ते घुसळून पांगवले. अलास्कातला समुद्र जमिनीत आत शिरलेला, थंड. तिथे घुसळणार कोण?

तेव्हा पहिली चौकशी तेलाच्या जातीची. पेट्रोल, रॉकेल जास्त विषारी, पण उडून लवकर जाते. जहाजाच्या इंजिनात जाळतात ते जाड काळे तेल डांबरासारखे चिकटून बसते.

दुसरी चौकशी वाऱ्याची. तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण शेकडा ३ इतक्या वेगाने सरकतो. त्यात पाण्याचा प्रवाह मिळवायचा. गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे: वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर प्रवाह सोडून १२ तासांत तवंग कुठवर जाईल? जवळजवळ ११ किलोमीटर.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, किनारा कसला आहे ही. तज्ज्ञ किनाऱ्यांना १ ते १० असे क्रमांक देतात. लाटा आदळणारा उघडा कातळ १, कारण लाटाच त्याला धुतात. खाडीतली तिवरे १०. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. त्यांची छिद्रे तेलाने बुजली की झाड गुदमरते. बरे, तेल काढायला माणसे चिखलात उतरवावीत, तर त्यांच्याच पायांखाली मुळे तुडवली जातात!

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले सुमारे ८०० टन. वरच्या आकड्यांपुढे ते किती? पण ते जहाजाचे जाड तेल होते, पावसाळी वारा जमिनीकडे वाहत होता, आणि समोर उरण, घारापुरीकडची तिवरे होती. शिवाय नारळी पौर्णिमा अवघ्या सतरा दिवसांवर आलेली. कोळीवाड्यांत होड्या डागडुजी करून, जाळी विणून तयार होती. ज्या बाया ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या-कालवे वेचतात, त्यांच्या हिशेबात हे ८०० टन कुठे बसवायचे?