बाकी सगळं चालतं, एकच ॲप चालत नाही: राऊटर रिसेट करण्याआधी हे वाचा



दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ही तक्रार येतेच. "दादा, यूट्यूब चालतंय, व्हॉट्सॲप चालतंय, पण टीव्हीवर ते एकच ॲप नुसतं गोल गोल फिरतंय. राऊटर गेला का?"

माझं दुकान शेंद्र्यात, जालना रोडला. मोबाईलचं सामान, सीसीटीव्ही, वायफाय, असं सगळं. तुमच्यापैकी बरेच जण हाच धंदा सुरू करायच्या विचारात आहेत, म्हणून आज या एका बिघाडावर सविस्तर बोलू. ज्यांचा धंदा दुसरा आहे त्यांनीही वाचा. आजकाल घरचा वायफाय हाच अर्ध्या धंद्यांचा काउंटर झालाय. तो बंद पडला की गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परत जातं.

आधी माझी चूक सांगतो.

सहाशे तीस रुपयांची शिकवण

धंद्याचं पहिलं वर्ष. आमच्या भागात एक काकू एमआयडीसीतल्या कामगारांना डबे देतात. त्यांच्या टीव्हीवर एक ॲप लोड होत नव्हतं. रविवारी संध्याकाळी मला बोलावलं. मी गेलो, राऊटर हातात घेतला, मागच्या बारीक भोकात पिन घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. झाला रिसेट.

आणि सगळंच नेट गेलं. त्या राऊटरमध्ये नेट कंपनीचा युजरनेम आणि पासवर्ड भरलेला होता, तो पुसला गेला. काकूंकडे तो लिहून ठेवलेला नव्हता. नेटवाल्याचा पोरगा म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

काकूंच्या डब्यांचा हिशेब रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर ठरतो. कुणी लिहितं "उद्या डबा नको", कुणी लिहितं "दोन जास्त". घरी वायफाय आहे म्हणून त्यांनी मोबाईलवर नेटपॅक मारलेला नव्हता. माझ्याच फोनचा हॉटस्पॉट त्यांना द्यावा, हे मला तेव्हा सुचलंही नाही. सोमवारी नऊ जणांनी डबा नको म्हणून कळवलं होतं, पण तो मेसेज काकूंना मिळालाच नाही. नऊ डबे उरले. ७० रुपयांप्रमाणे ६३० रुपये. ते मी दिले. पैशापेक्षा काकूंचं बोलणं जास्त लागलं: "अरे बाबा, तू टीव्ही बघायला आलास का माझा धंदा बंद करायला?"

पुढची गंमत ऐका. सोमवारी नेटवाल्या पोरानं राऊटर पुन्हा सेट केला आणि ते ॲप पुन्हा तसंच अडकलं. म्हणजे रिसेट करून नुकसान झालं ते झालंच, बिघाडाचं कारणही कळलं नाही. ते कारण शेवटी सांगतो. आधी क्रम शिकून घ्या.

राऊटरला हात लावण्याआधी तीन चाचण्या

बाकी सगळं चालतंय आणि एकच सेवा अडलीय, याचा अर्थ नेट घरापर्यंत येतंय. म्हणजे दोष चारपैकी एका जागी आहे: ती सेवा किंवा तिचं खातं, टीव्ही, राऊटरमधली सेटिंग, नाहीतर नेट कंपनीची लाईन. कुठली जागा, हे तीन चाचण्यांत कळतं. फोनमध्ये व्हीपीएन असेल तर आधी बंद करा, नाहीतर निकाल चुकेल.

पहिली चाचणी: फोनचा वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर तेच ॲप, त्याच खात्यानं उघडा.

दुसरी चाचणी: आता फोन घरच्या वायफायला जोडा आणि तेच ॲप उघडा.

तिसरी चाचणी: फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडा. दोन मिनिटं पुरेत, डेटा फार जात नाही.

आता निकाल वाचायचा. मोबाईल डेटावरही चालत नसेल, तर दोष सेवेत किंवा खात्यात आहे. मोबाईल डेटावर आणि घरच्या वायफायवर दोन्हीकडे चालतं, फक्त टीव्हीवर नाही, तर टीव्ही तपासा. मोबाईल डेटावर चालतं, वायफायवर फोन आणि टीव्ही दोन्ही अडतात आणि हॉटस्पॉटवर टीव्ही नीट चालतो, तर आणि तरच राऊटर किंवा लाईनकडे वळा.

दोष सेवेचाच असेल तर

मोठ्या कंपन्याही बंद पडतात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर जवळपास सहा तास बंद होतं. यूट्यूब मात्र चालू. त्या रात्री किती जणांनी आपले राऊटर बंद-चालू केले असतील, विचार करा. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या सर्व्हर केंद्रात बिघाड झाला. प्राइम व्हिडिओ, स्नॅपचॅट अशा कितीतरी सेवांना त्याचा फटका बसला. अशा वेळी उपाय एकच, थांबणं. गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगा आणि पैसे घेऊ नका. ते गिऱ्हाईक पुढच्या कामाला तुमच्याकडेच येतं.

खातंही बघा. प्लॅन संपलाय का? एकाच वेळी ठरावीक स्क्रीनच चालतात, मग मेहुण्याच्या घरी तेच खातं चालू आहे का? स्क्रीनवर जो मेसेज किंवा एरर कोड येतो त्याचा फोटो काढा. अर्धं उत्तर तिथंच असतं.

जाता जाता धंदेवाल्यांसाठी एक. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचा घरगुती प्लॅन हा घरच्या वापरासाठीच असतो. हॉटेलात किंवा मेसमध्ये गिऱ्हाईकांना दाखवायला तो चालत नाही, त्यांच्या अटींत तसं लिहिलेलं असतं.

दोष टीव्हीचा असेल तर

टीव्ही रिमोटनं बंद केला तर तो झोपतो फक्त. प्लग काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. मग सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ बघा. घड्याळ चुकलं असेल तर सर्व्हरची सुरक्षा-ओळख पटत नाही आणि ॲप उघडायला नकार देतं. त्यानंतर ॲप अपडेट करा, कॅशे साफ करा, तरी नाही जमलं तर ॲप काढून पुन्हा टाका. त्याआधी खात्याचा पासवर्ड गिऱ्हाईकाला आठवतोय ना, ते विचारा. आणि टीव्ही फार जुना असेल तर त्या मॉडेलसाठी ॲप बंदही झालेलं असू शकतं.

दोष राऊटरकडे निघाला तर

इथं एक नियम पक्का: एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली, तपासली, फरक नाही पडला तर परत होती तशी करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ॲप चालू झालं, तर कशामुळे चालू झालं हे तुम्हालाही कळणार नाही.

*आधी रीस्टार्ट.* रीस्टार्ट आणि रिसेट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीस्टार्ट म्हणजे लाईट बंद करून चालू करणं, त्यात काही पुसलं जात नाही. रिसेट म्हणजे राऊटरची पाटी कोरी करणं. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोन्ही बंद करा, एक मिनिट थांबा, आधी फायबरचा डबा लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राऊटर.

*मग सेटिंगचे फोटो.* ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राऊटरचं पान उघडतं. राऊटरखालच्या स्टिकरवर नेमका पत्ता असतो. आकडे टाईप करताना इंग्रजी कीबोर्ड वापरा. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो गिऱ्हाईकाच्याच फोनमध्ये काढा.

*पॅरेंटल कंट्रोल.* मुलांच्या परीक्षेच्या वेळी कुणीतरी ते ॲप ब्लॉक केलं आणि विसरलं, असं अनेकदा निघतं.

*डीएनएस.* हे नीट समजून घ्या. शेंद्रा एमआयडीसीत रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगितलं तरी तो विचारतो, "प्लॉट नंबर काय?" इंटरनेटचंही तसंच आहे. ॲपला नाव माहीत असतं, पण जायला नंबर लागतो. तो नंबर सांगणारी वही म्हणजे डीएनएस. वहीत एकाच कंपनीचा नंबर जुना असला किंवा खोडलेला असला तर तेवढ्याच कंपनीचा रस्ता चुकतो, बाकी सगळे बरोबर पोचतात. एकच ॲप अडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

तपासायला आधी फक्त टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस बदला, राऊटरमध्ये नको. गुगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून. दोन रकाने असतात, तिथं दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर टाका. कारण १४ जुलै २०२५ ला १.१.१.१ सुद्धा तासभर बंद होता. फरक पडला नाही तर आधीचीच सेटिंग परत ठेवा. व्हिडिओच्या मोठ्या सेवा आपले सर्व्हर नेट कंपनीच्या आतही ठेवतात. जवळच्या सर्व्हरचा पत्ता बऱ्याचदा नेट कंपनीचाच डीएनएस चांगला सांगतो.

*आयपीव्ही६.* इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती एकाच वेळी चालतात, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. जालन्याला जायला जुना जालना रोड आणि समृद्धी असे दोन रस्ते आहेत ना, तसं. नव्या रस्त्यावर मध्येच अडथळा असेल तर त्या रस्त्यानं जाणारं ॲप अडतं, बाकीची चालत राहतात. राऊटरमध्ये आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून बघा. ॲप चालू झालं तर दोष लाईनचा आहे, नेट कंपनीला तसं कळवा.

*एमटीयू.* युजरनेम-पासवर्डवर चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत प्रत्येक पाकिटाचे ८ बाइट त्या जोडणीलाच लागतात. म्हणून १५०० ऐवजी १४९२ ही मर्यादा हवी. तिथं १५०० असेल तर काही सेवांची मोठी पाकिटं वाटेत अडकतात. कमानीखालून उंच ट्रक जात नाही, तसं. हे क्वचितच निघतं, म्हणून शेवटी बघायचं.

एवढं करूनही ॲप वायफायवर चालत नसेल तर नेट कंपनीला फोन करा. "नेट चालत नाही" असं सांगू नका, ते स्पीड तपासतील आणि "सगळं ठीक आहे" म्हणतील. असं सांगा: "अमुक ॲप, अमुक वाजल्यापासून, तुमच्या लाईनवर दोन उपकरणांवर अडतंय. मोबाईल डेटावर चालतंय. डीएनएस आणि आयपीव्ही६ तपासलं." तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे.

काकूंच्या घरी काय निघालं?

मंगळवारी मी स्वतःहून परत गेलो. या वेळी आधी माझा हॉटस्पॉट काकूंच्या फोनला दिला, म्हणजे डब्यांचे मेसेज चालू राहतील. मग चाचण्या केल्या. मोबाईल डेटावर ॲप चालू, वायफायवर फोन आणि टीव्ही दोन्ही बंद, हॉटस्पॉटवर टीव्ही चालू. राऊटर उघडला तर डीएनएसच्या रकान्यात जाहिराती अडवणारा एक नंबर होता. नेटवाला पोरगा गिऱ्हाईकांचं भलं म्हणून सगळीकडे तोच टाकायचा. जाहिरातींसोबत त्या ॲपला लागणारा एक पत्ताही अडत होता. माझ्या रिसेटमध्ये तो नंबर पुसला गेला होता, सोमवारी त्यानं सवयीनं परत टाकला. तो काढला आणि ॲप सुरू. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्या दिवशी मी काकूंना नवा राऊटर विकू शकलो असतो. त्या घेणारही होत्या. पण पोरानं नव्या राऊटरमध्येही तोच नंबर टाकला असता, ॲप पुन्हा अडलं असतं आणि माझं नाव गेलं असतं. राऊटर बदलायची वेळ वेगळी असते: तो आपोआप बंद-चालू होतो, सगळ्याच सेवा तुटतात, हात लावला तर चटका बसतो. फक्त एकच ॲप अडतंय म्हणून राऊटर विकू नका.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी दोन गोष्टी करतो. काम सुरू करण्याआधी विचारतो, "या वायफायवर तुमचं कुठलं काम चालू आहे, जे आत्ता थांबलेलं चालणार नाही?" आणि निघताना नेटचा युजरनेम-पासवर्ड गिऱ्हाईकाच्याच हातानं एका कागदावर लिहून पाकिटात घालून त्यांच्याच कपाटात ठेवायला सांगतो. माझ्या वहीत मी कुणाचाही पासवर्ड लिहीत नाही. वहीत फक्त एवढंच: तारीख, काय अडलं होतं, काय बदललं, कशानं चालू झालं.

काकूंनी नंतर मला तीन गिऱ्हाईकं दिली. त्यातलं एक काम सीसीटीव्हीचं होतं, आठ कॅमेऱ्यांचं. पण अजूनही मी घरात शिरलो की पहिलं वाक्य तेच असतं: "पिन घेऊन आलास का रे?"

चला तर मग, आज घरी गेल्यावर पहिलं काम करा. आपल्या स्वतःच्या राऊटरच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.