जुन्या बाजारातील चोखंदळ खरेदी

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हा केवळ हौशी संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. नव्याने धंदा मांडणारा सुतार, नळकाम शिकलेला होतकरू तरुण, घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावू पाहणारी गृहिणी यांची पहिली अवजारे पुष्कळदा अशाच बाजारातून येतात. मुंबईत भेंडी बाजारानजीक मटण स्ट्रीटवरील चोर बाजार, फोर्ट भागातील पदपथांवरील पुस्तकविक्रेते, पुण्यातील अप्पा बळवंत चौकातील जुन्या पाठ्यपुस्तकांची दुकाने ही सर्व याच व्यवहाराची अंगे होत. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देत दारोदार फिरणारी बोहारीण ही तर या बाजाराची घरपोच शाखाच म्हणावयास हरकत नाही.

अशा ठिकाणी येणाऱ्या ग्राहकाची ऐपत बहुधा बेताची असते. नव्या वस्तूत फसलेला ग्राहक निदान हमीपत्र दाखवू शकतो. जुन्या वस्तूत फसलेल्याची मात्र साठवलेली पुंजी जाते आणि हाती निरुपयोगी लोखंड उरते. म्हणून भाव पाडून घेण्याच्या कौशल्यापेक्षा वस्तूची पारख करण्याचे कौशल्य येथे अधिक मोलाचे ठरते. घासाघीस कोणालाही जमते. वस्तूत किती आयुष्य शिल्लक आहे आणि ती विकण्याचा विक्रेत्याला अधिकार आहे काय, हे दोन प्रश्न मात्र फार थोडे ग्राहक विचारतात.

काही वस्तू वयाने फारशा खालावत नाहीत. पितळेची वा तांब्याची भांडी हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यांना मोडीचा भाव असतो आणि त्याखाली त्यांची किंमत सहसा जात नाही. आधी त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारून, भांडे वजन करून घेतल्यास आपण कारागिरीचे किती पैसे देत आहोत हे लगेच उमगते. भांड्यात पाणी भरून थोडा वेळ ठेवावे. डाग देऊन बुजविलेले छिद्र त्यातून उघडे पडते. स्वयंपाकासाठी घ्यावयाचे पितळी पातेले असेल तर कल्हईचा खर्च किमतीत धरावा.

सागवानी कपाट वा मेज यांची परीक्षा दर्शनी बाजूने करू नये. नवे पॉलिश पुष्कळ दोष झाकते. खण पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ आणि मागील बाजू पाहावी. तेथे पॉलिश नसते आणि लाकूड आपले खरे रूप दाखविते. बारीक भोके आणि त्यातून गळणारा पिठासारखा भुसा दिसला तर कीड अद्याप आत आहे असे समजावे. बोटाच्या पेराने ठोकून पाहता पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्यावी. सैल झालेला सांधा सुतार सहज आवळून देतो. त्या कारणास्तव उत्तम लाकूड सोडून देणे हे भाबडेपणाचे. उलट तेच कारण पुढे करून किंमत कमी करून घेता येते.

पायाने चालविण्याचे शिवणयंत्र घेताना ग्राहकाने घरून कापडाचा तुकडा आणि दोरा न्यावा. प्रथम चाक हाताने फिरवावे; ते अडखळत असेल तर कारण विचारावे. मग कापड एकेरी, दुहेरी व चौपदरी करून शिवून पाहावे. चौपदरी कापड पुढे सरकत नसेल तर खालचे दाते झिजले असण्याचा संभव असतो. चामड्याचा पट्टा तुटलेला असणे हा दोषच नव्हे, तो थोडक्यात नवा बसतो. यंत्राचा सुटा भाग आज मिळतो की नाही, ही चौकशी मात्र खरेदीपूर्वी दुरुस्ती करणाऱ्याकडे करावी.

पाठ्यपुस्तकांचे गणित निराळे. परीक्षा संपताच पुस्तके विक्रीस येऊ लागतात आणि शाळा उघडण्याच्या तोंडावर मागणी वाढते. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीतील खरेदी सोयीची. आवृत्तीचे वर्ष अवश्य पाहावे. अभ्यासक्रम बदललेला असल्यास कोरे करकरीत जुने पुस्तकही महागच पडते.

याउलट काही वस्तू स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. सुरक्षा झडप बदललेल्या प्रेशर कुकरविषयीही हेच म्हणावे लागेल. जुना फ्रिज रात्रंदिवस चालतो. नव्यापेक्षा तो दिवसाकाठी एक युनिट वीज जरी जास्त घेत असला तरी वर्षाला ३६५ युनिटांचा भुर्दंड बसतो. ही रक्कम विक्रेता सांगत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. १९३० च्या माल विक्री अधिनियमाचे सर्वसाधारण तत्त्व असे की, विक्रेत्याची वस्तूवर जेवढी मालकी, तेवढीच खरेदीदाराला मिळते. चोरीची वस्तू प्रामाणिकपणे पैसे देऊन घेतली तरी ती मूळ मालकाकडे परत जाते. शिवाय, वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. बाजारभावाच्या चौथाईत मिळणारा मोबाइल हा संशयाला पुरेसा आधार ठरू शकतो. अशा यंत्रावर *#०६# दाबल्यास पंधरा अंकी क्रमांक दिसतो. केंद्र शासनाच्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो भरला की यंत्राची अवरोधित म्हणून नोंद आहे काय ते कळते.

दुचाकी घेताना किल्ली मिळाली म्हणजे व्यवहार संपला, असा समज फार प्रचलित आहे. नोंदणी पुस्तिकेवरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा, थकीत दंड आणि विमा यांची खात्री करावी. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० विक्रेत्याच्या समक्ष भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयात सादर करणे आवश्यक असते. नोंद होईपर्यंत कागदोपत्री मालक जुनाच राहतो. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी अशा नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. त्यामुळे कागद करून देण्याची निकड विकणाऱ्यालाही तितकीच आहे, हे त्याच्या ध्यानी आणून द्यावे.

साध्या कागदावर का होईना, पावती घ्यावी. तीवर वस्तूचे वर्णन, क्रमांक असल्यास तो, किंमत, दिनांक, विक्रेत्याचे नाव व पत्ता असावा. दुकानदाराने दोष दडवून वस्तू विकली असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. शेजाऱ्याने स्वतःच्या घरातील वस्तू एकदाच विकली, तर तो व्यापारी ठरत नाही आणि तेथे हा मार्ग सहसा खुला नसतो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ असा आहे. तेथे दूरध्वनी करताना पावती समोर ठेवावी.