नव्वद टिकतील, दहा जातील

बॉल बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये आयुष्याचा एक आकडा असतो. तो वाचून अनेकांना वाटते की बेअरिंग निदान तेवढे तरी चालणारच. आकडा मात्र वेगळे सांगत असतो. एकसारखी शंभर बेअरिंगे एकाच भाराखाली, एकाच वेगाने फिरवली, तर त्या मुदतीपर्यंत नव्वद शाबूत राहतील आणि दहा निकामी झालेली असतील. या मुदतीला जगभरचे अभियंते ‘एल-टेन’ म्हणतात. शंभरातली पन्नास जायला साधारण याच्या पाचपट काळ लागतो. आपल्या हातातले बेअरिंग त्या दहांतले की नव्वदांतले, हे कारखानदारालाही ठाऊक नसते.

एकाच भट्टीचे पोलाद, एकाच यंत्रावर घासलेले छर्रे, तरीही एका बेअरिंगचे आयुष्य दुसऱ्याच्या वीसपट भरते. याचे कारण पृष्ठभागाखाली दडलेले असते. छर्रा कड्यातल्या खाचेवरून जातो तेव्हा घातक ताण पृष्ठभागाच्या किंचित खाली पडतो. तिथे पोलादात ऑक्साइडचा एखादा सूक्ष्म कण अडकलेला असेल, तर त्याच्या कडेने चीर सुरू होते, फेऱ्यागणिक वाढते आणि शेवटी धातूचा पापुद्रा सुटतो. कण नेमका कुठे अडकला आहे, हा नशिबाचा भाग. नशिबाचा हिशेब मांडायचा तर संभाव्यतेला शरण जावे लागते.

स्वीडनमधल्या योटेबोर्ग शहरात एसकेएफ या बेअरिंग कंपनीतले अभियंते आर्विद पाल्मग्रेन यांनी 1924 मध्ये ही नव्वद टक्क्यांची भाषा मांडली. तिला गणिताचा भक्कम पाया दिला तो त्यांचेच देशबांधव वालोद्दी वायबुल यांनी. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते प्राध्यापक होते. 1939 मध्ये पदार्थांच्या ताकदीविषयी लिहिताना त्यांनी साखळीचा विचार केला. साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी. प्रत्येक कडी टिकण्याची शक्यता 99 टक्के असली, तरी शंभर कड्यांची अख्खी साखळी टिकण्याची शक्यता जेमतेम 37 टक्के उरते, कारण या शक्यतांचा गुणाकार होतो. तार जितकी लांब तितकी तिच्यात खोट असण्याची शक्यता जास्त, म्हणून लांब तार आखूड तारेपेक्षा कमी भाराला तुटते.

या विचारातून निघालेले सूत्र वायबुल यांनी 1951 मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या नियतकालिकात सात उदाहरणांवर लावून दाखवले. त्यांतली काही उदाहरणे वाचून हसू येते: बोफोर्सच्या पोलादाची ताकद, राखेच्या कणांचे आकार, ब्रिटिश बेटांवर जन्मलेल्या पुरुषांची उंची, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी आणि आपल्या भारतीय कापसाच्या तंतूची ताकद. उंची आणि घेवडा यांना ते सूत्र का लागू पडावे, याचे सैद्धांतिक कारण त्यांच्यापाशी नव्हते आणि असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. आकडे बसतात, एवढेच त्यांचे म्हणणे. मला हा प्रामाणिकपणा सूत्राइतकाच मोलाचा वाटतो.

सूत्रातली एक संख्या, बीटा, पुढे विलक्षण उपयोगी ठरली. बिघाडांच्या नोंदी एका खास आलेख-कागदावर मांडल्या की ठिपके जवळपास सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेचा चढ म्हणजे बीटा. तो एकापेक्षा कमी असेल तर माल जन्मतःच सदोष आहे. कच्चे भाग लवकर गळतात आणि उरलेले चिवट असतात. तो एक असेल तर बिघाडाचा वयाशी संबंध नाही. एकाहून जास्त असेल तर भाग झिजतो आहे. बॉल बेअरिंगसाठी हा आकडा 1.1 च्या आसपास धरतात, म्हणजे झीज आहे खरी, पण नशिबाचा वाटाही मोठा आहे.

पाल्मग्रेन आणि गुस्ताफ लुंडबर्ग यांनी 1947 मध्ये याच पायावर बेअरिंगच्या आयुष्याचा नियम सिद्ध केला आणि आजचे आंतरराष्ट्रीय मानकही त्यावरच उभे आहे. भार दुप्पट केला की बॉल बेअरिंगचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. समजा, बेअरिंगवरचा भार त्याच्या क्षमतेच्या एक दशांश आहे. मग एल-टेन होते 100 कोटी फेरे. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या मोटारीत हे 11,574 तास भरतात, म्हणजे अखंड चालवल्यास सव्वा वर्षाहून थोडे अधिक. भार निम्मा केला, तर तेच आयुष्य साडेदहा वर्षांवर जाते.

असाच घोटाळ्यात टाकणारा आणखी एक आकडा म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. हार्ड डिस्कवर तो दहा लाख तास लिहिलेला आढळतो, म्हणजे 114 वर्षे. एवढी वर्षे कुणी डिस्क चालवून पाहिलेली नसते. हजार डिस्क एकदम चालवल्या तर सरासरी दर हजार तासांना एक जाईल, वर्षाकाठी नऊच्या आसपास, एवढाच त्याचा अर्थ; आणि तोही झीज सुरू होण्यापूर्वीच्या काळापुरता.

या गणिताने सर्वांत मोठा धक्का दिला तो विमानांच्या देखभालीला. ठरावीक तास झाले की भाग उघडायचा, बदलायचा, अशी जुनी शिस्त होती. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी 1978 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात दाखवले, की तपासलेल्या भागांपैकी फक्त 11 टक्क्यांना वयाची मर्यादा घालण्याचा फायदा होऊ शकत होता. 68 टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवेपणीच सर्वाधिक होती. चालता भाग काढून नवा बसवणे म्हणजे धोका पुन्हा विकत घेणे. जुन्या पद्धतीने डीसी-8 विमानाच्या सांगाड्याच्या मोठ्या तपासण्यांवर पहिल्या 20,000 उड्डाण-तासांत 40 लाख मनुष्यतास खर्ची पडत. नव्या विचाराने आखलेल्या, आकाराने कितीतरी मोठ्या बोइंग 747 ला तेवढ्याच काळात 66,000 पुरले.