दिव्यांगत्वाचे अपील आणि आपले रुग्णपत्रक

पक्षाघात, संधिगतवात, गृध्रसी अशा चिरकारी व्याधींचे रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याकडे चिकित्सा घेतात. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी मात्र ते शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांसमोर एकाच दिवशी, काही मिनिटे उभे राहतात. त्या तपासणीत टक्केवारी कमी पडल्यास अपिलात आपल्या नोंदी कितपत उपयोगी पडतात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के ही लक्षणीय दिव्यांगत्वाची मर्यादा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के. ३८ आणि ४० यांतील अंतर वैद्यकशास्त्रात अल्प असले, तरी रुग्णाच्या घरात ते मोठे ठरते. निर्णय मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ अन्वये विहित मुदतीत अपील करता येते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अपिलात मूळ निर्णय योग्य होता काय, हे पाहिले जाते. म्हणून कागदावर आजची तारीख असल्याने तो नवा पुरावा ठरत नाही. तपासणीच्या वेळची स्थिती दर्शविणारी, परंतु तज्ज्ञांसमोर न आलेली माहिती हाच खरा नवा पुरावा होय. व्याधी नंतर बळावली असेल, तर नव्याने मूल्यमापन मागणे सयुक्तिक.

टक्केवारी ठरविण्याचा अधिकार अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचा आहे. आपले पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. हा धडा आम्ही स्वानुभवाने शिकलो. पक्षाघाताच्या एका रुग्णास आम्ही ‘कामास असमर्थ’ एवढेच लिहून दिले होते. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. पुढे जुन्या रुग्णपत्रकांतून खांदा किती अंश उचलला जातो, मुठीची पकड कशी आहे, काठीविना किती पावले चालता येते, हे तारीखवार काढून दिले. सोबत मेंदूच्या एमआरआयचा अहवाल जोडला. तेव्हा कोठे पुनर्तपासणी झाली.

त्याच पत्रकांत आमची आणखी एक चूक आढळली. बस्तीनंतर आम्ही ‘उपशय ५० टक्के’ असे लिहिले होते. आमच्या मनात वेदनेचा उपशय होता. परंतु आयुर्वेदाची परिभाषा परिचित नसलेला वाचक दिव्यांगत्वच निम्मे झाले, असा अर्थ काढू शकतो. म्हणून उपशय कशाचा, हे स्पष्ट लिहावे: वेदनेचा, स्तंभाचा की बलाचा. व्याधिनामापुढे प्रचलित वैद्यकीय नावही द्यावे.

औषधालयचालकांनी बिलावर रुग्णाचे नाव, तारीख व औषध न चुकता लिहावे. त्यावरून दिव्यांगत्वाचे प्रमाण सिद्ध होत नाही, परंतु चिकित्सेतील सातत्यास पुष्टी मिळते.

रुग्णाविषयी कितीही कळवळा असला, तरी मागील तारखेची नोंद करू नये आणि सुधारणाही लपवू नये. लक्षणीय दिव्यांगत्वाचा लाभ कपटाने घेतल्यास किंवा घेण्याचा प्रयत्न केल्यास कलम ९१ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय एक खोटी नोंद उघड झाली, की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

रुग्ण अपिलासाठी कागद मागावयास येतो, तेव्हा पुरावा निर्माण करण्याची वेळ टळलेली असते. तो प्रत्येक भेटीत, आपल्या हातून लिहिला जावा, एवढीच विनंती.