तळाला गेलेला संघ आणि शनिवारचा सामना

४ फेब्रुवारी २०१५, बुधवारची रात्र. डॉर्टमुंडच्या वेस्टफालेन मैदानावर ऑग्सबुर्गनं बोरुसिया डॉर्टमुंडला १-० हरवलं. उत्तरार्धात ऑग्सबुर्गचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी उरलेल्या दहा जणांविरुद्ध डॉर्टमुंडला एक गोल करता आला नाही. शिट्टी वाजली आणि स्टँडमधून संताप कोसळला. कर्णधार माट्स हुमेल्स आणि गोलरक्षक रोमान वायडेनफेलर कुंपणापाशी जाऊन चाहत्यांची समजूत काढत राहिले. १९ सामन्यांत १६ गुण. अठरा संघांच्या बुंडेसलिगात अठरावा क्रमांक. याच संघानं २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला होता. आणि तीन दिवसांनी, शनिवारी, फ्रायबुर्गला जाऊन पुढचा सामना खेळायचा होता.

अशा तीन दिवसांत अंदाजांना ऊत येतो. कोण गोल करेल, कोण कच खाईल, कोणाला बसवायला हवं. डॉर्टमुंडच्या ट्राममध्ये जे बोललं जातं तेच कोल्हापुरात शाहू स्टेडियमबाहेर पेठेच्या संघाबद्दल बोललं जातं. ठाम सुरात बोलल्या जाणाऱ्या त्यातल्या बऱ्याच गोष्टी चूक असतात, आणि त्या चुकांची किंमत खेळाडूंना मोजावी लागते. म्हणून त्या एकेक तपासायला हव्यात.

पहिला आणि सगळ्यात चिवट समज: गुणतालिका खोटं बोलत नाही.

गुणतालिका काय झालं ते सांगते. शनिवारी काय होईल हे तिला फार थोडं कळतं, कारण फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. बुंडेसलिगात दोन्ही संघांचे मिळून सामन्याला तीनाच्या आत-बाहेर. क्रिकेटमध्ये तीनशे धावांच्या डावात एका झेलानं सहसा वीस-तीस धावांचा फरक पडतो. इथे चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर तीन गुण ठरतात. मग गोल मोजण्याऐवजी गोलाच्या संधी मोजायच्या, असा विचार पुढे आला. प्रत्येक फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून, पायानं की डोक्यानं मारला हे पाहायचं आणि तशा हजारो जुन्या फटक्यांपैकी किती आत गेले त्यावरून त्याला किंमत द्यायची. यालाच ‘अपेक्षित गोल’ म्हणतात. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल. पंचवीस मीटरवरून मारलेला फटका शंभरातून दोन-चार वेळाच आत जातो. सरसकट सगळे फटके धरले तर दहातला एक. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज केली की संघ कसा खेळला याचं चित्र निकालापेक्षा जास्त स्वच्छ दिसतं, आणि अशा दहा-पंधरा सामन्यांची बेरीज पुढच्या वाटचालीबद्दल गुणांपेक्षा बरंच काही सांगते.

डॉर्टमुंडच्या बाबतीत आकडेमोड न करताही एक गोष्ट डोळ्यांत भरायला हवी होती. त्याच शरद ऋतूत, त्याच खेळाडूंनिशी हा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलला मागे टाकून गटात पहिला आला होता. तिथे सहा सामन्यांत १४ गोल, आणि बुंडेसलिगाच्या पहिल्या सतरा सामन्यांत १८. बुधवारी एक आणि शनिवारी दुसरीच माणसं खेळत नव्हती. काही वाटा नशिबाचा होता, काही प्रतिस्पर्ध्यांचा. युरोपातले मोठे संघ पुढे येऊन खेळत आणि त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा सापडे. जर्मनीतले छोटे संघ आपल्या गोलापुढे भिंत बांधून बसत, आणि प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या धावत्या, झडप घालणाऱ्या खेळाला तीच भिंत अडत होती.

दुसरा समज खेळाडूंबद्दलचा आहे, आणि तो मला जास्त टोचतो. ‘चार सामन्यांत गोल नाही, म्हणजे तो संपला.’

साधा हिशोब करून पाहा. हंगामात दर दोन सामन्यांना एक गोल करणारा स्ट्रायकर उत्तम समजला जातो. पिएर-एमेरिक ऑबामेयांगनं त्या मोसमात साखळीत ३३ सामन्यांत १६ गोल केले. म्हणजे साधारण तोच दर. अशा खेळाडूनं पुढच्या सामन्यात गोल न करण्याची शक्यता किती? सुमारे ६१ टक्के. सलग चार सामने कोरडे जाण्याची शक्यता तेरा-चौदा टक्के, म्हणजे सातातून एकदा. त्याचे पाय बिघडलेले नसतात, मन खचलेलं नसतं. गोल ही दुर्मीळ गोष्ट आहे, एवढंच. दोन गोल केल्यावर ‘आता याला लय सापडली, पुढच्या सामन्यातही नक्की’ म्हणणं हीदेखील त्याच चुकीची दुसरी बाजू. स्ट्रायकरकडे पाहायचं तर तो चेंडू कुठे घेतो, गोलापुढच्या चौकटीत त्याला किती वेळा फटका मारायला मिळतो, हे पाहावं. संधी मिळत असतील आणि गोल होत नसतील, तर बहुतेक वेळा थांबायला हरकत नसते. संधीच मिळत नसतील तर मात्र काळजी करावी, आणि तेव्हासुद्धा आधी त्याच्या मागच्या मधल्या फळीकडे बघावं.

चिरो इम्मोबिले हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. २०१३-१४ मध्ये तोरिनोसाठी २२ गोल करून तो इटलीच्या साखळीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. रॉबर्ट लेवांडोवस्की बायर्नला गेला आणि त्याची जागा भरायला डॉर्टमुंडनं इम्मोबिलेला आणलं. बुंडेसलिगातल्या अख्ख्या मोसमात त्याचे गोल झाले तीन. त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये चार. ‘वाया गेलेला पैसा’ हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. पुढे तोच माणूस लाझिओसाठी २०१९-२० मध्ये ३६ गोल करून गेला आणि इटलीच्या एका मोसमातल्या सर्वाधिक गोलांच्या विक्रमाशी त्यानं बरोबरी केली. गेल्या वर्षीचे गोल उचलून नव्या संघात ठेवता येत नाहीत. कोण पास देतो, कुठे देतो, समोर जागा असते का, भाषा कळते का, या सगळ्यात खेळाडूचा आकडा मुरलेला असतो. आकडा त्याच्या नावापुढे लिहिला जातो, म्हणून तो त्याच्या एकट्याचा वाटतो.

आता उलट्या बाजूचा भ्रम. ‘इतके हरलेत, आता नशीब फिरणारच.’ दुर्दैवानं हरलेला संघ पुढे सरासरीच्या जवळ येतो हे खरं, पण मागचं नुकसान कोणी भरून देत नाही. चेंडूला मागच्या शनिवारची आठवण नसते. आणि तळाला असलेला प्रत्येक संघ दुर्दैवी असतो असंही नाही. २००७-०८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये डर्बी कौंटीनं ३८ सामन्यांत ११ गुण मिळवले, २० गोल केले आणि ८९ खाल्ले. त्यांचा एकमेव विजय सप्टेंबरमध्ये न्यूकॅसलविरुद्धचा. तो संघ त्या पातळीवर खरोखरच कमी पडत होता.

डर्बीनं नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकही बदलून पाहिला. नव्या प्रशिक्षकाला उरलेल्या मोसमात साखळीतला एकही सामना जिंकता आला नाही. ‘प्रशिक्षक बदलला की खेळाडू पेटून उठतात’ हा समज टिकून राहतो याचं कारण सोपं आहे. प्रशिक्षकाला काढतात तेव्हा संघ सगळ्यात वाईट टप्प्यात असतो, आणि तिथून थोडं वर येणं तसंही संभवनीय असतं. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञानं नेदरलँड्सच्या साखळीतले १९८६ ते २००४ पर्यंतचे मोसम तपासले. प्रशिक्षक काढणारे संघ आणि तशाच घसरणीत असूनही प्रशिक्षक न बदलणारे संघ त्यानं शेजारी ठेवले. दोघेही जवळजवळ सारखेच सावरले. आपल्याकडे एफसी गोवा २०१६ मध्ये झिको यांच्या हाताखाली तळाला राहिला आणि पुढच्या मोसमात सर्जियो लोबेरा यांच्या हाताखाली उसळला. पण तेव्हा परदेशी खेळाडूंचा ताफाही नवा होता. त्यात १८ गोल करणारा कोरो होता. श्रेय कोणाला किती, हे एका नावावर ढकलून भागत नाही. डॉर्टमुंडनं मात्र क्लॉप यांना काढलं नाही.

‘आता जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, जीव तोडून खेळतील’ याबद्दल एवढंच: फ्रायबुर्गलाही तोच प्रश्न पडलेला होता, आणि मोसमाअखेर ते खालच्या साखळीत गेलेसुद्धा. जिद्द दोन्हीकडे असते.

मग शनिवारचा अंदाज बांधायचा कशावर? मी सगळ्यात आधी कोण किती मिनिटं खेळू शकतो ते पाहीन. मैदानावर नसलेला खेळाडू काहीच करत नाही, आणि तळाच्या संघांत दुखापतींची यादी बहुधा लांब असते. मार्को रॉयस २०१४ च्या जूनमध्ये घोट्याच्या दुखापतीनं विश्वचषकाला मुकला, सप्टेंबरमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा जायबंदी झाला. त्याच्याशिवायचा डॉर्टमुंड आणि त्याच्यासकटचा डॉर्टमुंड हे दोन वेगळे संघ होते. फेब्रुवारीत तो परतला होता. त्यानंतर पाहायची ती जागा: बाजूला खेळणाऱ्याला मध्यभागी खेळवलं तर त्याचे जुने आकडे अर्ध्या किमतीचे होतात. मग समोरचा संघ. अंतिम अकरा जण सामन्याच्या सुमारे तासभर आधी जाहीर होतात. त्याआधी केलेला ठाम दावा हा निम्मी माहिती हातात नसताना केलेला असतो. आणि शेवटी जे सांगायचं ते शक्यतेच्या भाषेत सांगावं. ‘ऑबामेयांग गोल करेल’ असं म्हणू नये, ‘शंभरातून चाळीस वेळा करेल’ असं म्हणावं. मग त्यानं गोल केला नाही तरी अंदाज चुकला असं होत नाही. अशा शंभर अंदाजांत चाळिसाच्या आसपास गोल झाले की नाही, यावर तो तपासायचा.

७ फेब्रुवारीला फ्रायबुर्गमध्ये नवव्या मिनिटाला रॉयसनं गोल केला. उत्तरार्धात ऑबामेयांगनं दोन. डॉर्टमुंड ३-० जिंकला. एका सामन्यानं काही सिद्ध होत नाही, हे इथेही लागू आहे. पण पुढे माइंत्स, श्टुटगार्ट आणि शाल्केही हरले. पहिल्या सतरा सामन्यांत १५ गुण मिळवणाऱ्या संघानं नंतरच्या सतरांत ३१ मिळवले आणि सातव्या क्रमांकावर मोसम संपवला.

क्लॉप त्या उन्हाळ्यात डॉर्टमुंड सोडून गेले आणि ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलचे प्रशिक्षक झाले. तिथे इयान ग्रॅहम हे केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले गृहस्थ क्लबसाठी आकडेमोड करत. काही आठवड्यांनी ते कागद घेऊन क्लॉप यांच्या खोलीत गेले आणि डॉर्टमुंडच्या आदल्या मोसमातल्या सामन्यांबद्दल बोलू लागले. माइंत्सविरुद्धचा सामना: डॉर्टमुंड ०-२ हरलेला, इम्मोबिलेची पेनल्टी हुकलेली, एक स्वयंगोल. हानोफरविरुद्धचा: घरच्या मैदानावर ०-१. दोन्हीकडे डॉर्टमुंडनंच समोरच्या संघाला कोंडून ठेवलं होतं, असं ग्रॅहम सांगत होते. क्लॉप खुलले. म्हणजे तुम्ही हे सामने पाहिलेत तर, असं त्यांना वाटलं. ग्रॅहम यांनी त्यांतला एकही सामना पाहिलेला नव्हता.